आल्डस मॅन्युशियस : मुद्रक झालेला मास्तर

आमच्या देव्हाऱ्यात लाल फडक्यात बांधलेली एक पोथी आहे. घरात कोणालाच वाचता येत नसे, म्हणून श्रावणात दुसऱ्या गावचे महाराज येऊन ती वाचीत. इटलीचा थोर कवी पेत्रार्क याचीही एकदा अशीच गत झाली होती. इ. स. १३५४ च्या सुमारास त्याला होमरच्या काव्याचे ग्रीक हस्तलिखित मिळाले. पण ग्रीक येत नसल्यामुळे ते नुसते जवळ बाळगण्यापलीकडे त्याला काही करता येईना. त्यानंतर दीडशे वर्षांनी तोच होमर वाचकांच्या हातात मावेल असा करून देणारा मुद्रक म्हणजे आल्डस मॅन्युशियस.

आल्डसचा जन्म १४५० च्या आसपास रोमच्या दक्षिणेकडील बासियानो या लहानशा गावी झाला. तो रोमला लॅटिन शिकला, फेरारा येथे ग्रीक शिकला आणि पुढे कार्पीच्या राजपुत्रांचा शिक्षक झाला. चाळिशीच्या सुमारास ही सुखाची नोकरी सोडून तो व्हेनिसला आला. १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती गेल्यानंतर अनेक ग्रीक विद्वानांनी इटलीचा आश्रय घेतला होता. अशा पंडितांना हाताशी धरून त्याने छापखाना चालविला. १४९५ ते १४९८ या काळात त्याने ॲरिस्टॉटलचे ग्रंथ पाच खंडांत ग्रीकमध्ये छापले.

मूळ ग्रीक होमर प्रथम १४८८ साली फ्लॉरेन्सला छापला गेला होता. पण तो ग्रंथ मेजावर ठेवूनच वाचावा इतका अवजड. आल्डसने १५०४ साली तो दोन लहान खंडांत छापला. शेजारी टीका नाही, भाष्य नाही. फक्त कवी आणि वाचक. ही पुस्तके स्वस्त नव्हती, पण प्रवासातही सोबत नेता येत.

हे सारे सुखासुखी झाले नाही. ल्योंच्या मुद्रकांनी त्याच्या लहान पुस्तकांच्या चोरट्या नकला काढल्या. १५०९ साली युद्धामुळे छापखानाच बंद पडला. तो त्याने १५१२ मध्ये पुन्हा सुरू केला. ६ फेब्रुवारी १५१५ रोजी तो वारला, तेव्हा त्याच्या शवपेटीभोवती त्यानेच छापलेले ग्रंथ रचले होते.

गेल्या श्रावणात आमची पोथी मी वाचली, अडखळतच. आई शेजारी बसून ऐकत होती. देव्हाऱ्यातली पोथी हातात यायला आमच्या घराला किती पिढ्या लागल्या, हे तेव्हा ध्यानात आले.