विश्लेषण : लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नांगराचा फाळ आणि लेथवरची सोनेरी टिप यांचे नाते काय?

गळीत हंगाम संपला, की माळशिरस तालुक्यात दुसराच हंगाम सुरू होतो. माळीनगर, अकलूज भागातील साखर कारखान्यांत यंत्रे उघडली जातात. उसाचा रस काढणाऱ्या कास्ट आयर्नच्या रोलरवरील झिजलेल्या खाचा लेथवर पुन्हा कापल्या जातात. गावोगावच्या वर्कशॉपमध्ये पंपांचे शाफ्ट आणि ट्रॉलीचे एक्सल कामाला येतात. या प्रत्येक कामात धातू कापते ते नखाएवढे एक टोक. कारागीर त्याला टिप किंवा इन्सर्ट म्हणतात. बहुतेकदा त्याचा रंग सोनेरी किंवा काळा असतो. हा रंग शोभेचा नसतो. तो कठीण पदार्थाचा अतिपातळ थर असतो आणि टोक किती वेळ टिकणार, हे बरेचसे त्यावर ठरते. धार टिकवण्याचा हाच प्रश्न महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी शेतात उभा राहिला होता. त्यावर आयुष्य वेचणारे उद्योजक म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांची सुरुवात कशी झाली?

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. घरचे वातावरण विद्वत्तेचे, पण मुलाचा ओढा चित्रकलेकडे आणि यंत्रांकडे होता. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते चित्रकला शिकू लागले. मात्र काही रंगांतला फरक आपल्याला ओळखता येत नाही, हे लक्षात आल्यावर त्यांना ती वाट सोडावी लागली. मग त्यांनी यांत्रिक रेखाटन शिकून घेतले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. पुढे हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. तिथे थोरले बंधू रामुअण्णांच्या साथीने १८८८ मध्येच सायकलींचा व्यवसाय सुरू झाला होता. किर्लोस्कर समूह आपली स्थापना याच वर्षापासून मोजतो.

नांगराला विरोध का झाला?

सायकलींनंतर त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर हाती घेतला. लाकडी नांगर जमिनीला चीर पाडतो. लोखंडी नांगर माती कापून उलटी टाकतो, तणांची मुळे उपटतो आणि खोलवर जातो. काळ्या, चिवट जमिनीत हा फरक मोठा होता. तरीही सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन नासते, असा समज होता. नांगर जड आहे, तो आपल्या बैलांना ओढवणार नाही, अशी शंकाही होती. शेतकऱ्याच्या हाती मोजका पैसा असे. अवजार मोडले किंवा लवकर झिजले, तर पेरणीचा मोसमच हातचा जाणार. त्यामुळे नांगर विकायचा तर तो टिकतो, हे शेतातच सिद्ध करावे लागणार होते.

किर्लोस्करवाडी कशी उभी राहिली?

नांगराला मागणी येऊ लागली तोच बेळगावातील कारखान्याची जागा नगरपालिकेच्या विस्तारात गेली. उभा धंदा बंद पडायची वेळ आली. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी संस्थानात जागा आणि कर्ज देऊ केले. औंध संस्थान तुकड्या-तुकड्यांत पसरलेले होते. माळशिरसपासून फार लांब नसलेली आटपाडीही त्यातच होती. लक्ष्मणरावांनी निवडली ती कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची जागा, आजच्या सांगली जिल्ह्यातली. निवडुंगाने भरलेला आणि सापांचा वावर असलेला तो माळ होता. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. कारखान्याबरोबर कामगारांची घरे आणि शाळा आली. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा नियम होता. शिक्षा भोगून सुटलेल्या कैद्यांनाही लक्ष्मणरावांनी काम दिले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी नोंदवली गेली. नांगरांच्या जोडीला चरक आणि पंप बनू लागले.

फाळ आणि टिप यांत साम्य काय?

नांगरात सर्वाधिक झिजतो तो फाळ. म्हणून तो सुटा बसवतात. फाळ झिजला की तेवढाच बदलायचा, नांगर तसाच राहतो. आजची लेथची टिप याच विचाराची आहे. टूलची दांडी कायम राहते. टिपेची एक धार गेली की ती फिरवून दुसरी धार पुढे आणायची आणि सगळ्या धारा संपल्या की टिप बदलायची.

दुसरे साम्य अधिक खोल आहे. फार कठीण धातू ठिसूळ असतो, दगड लागला की तुटतो. मऊ धातू तुटत नाही, पण लवकर झिजतो. यावरचा तोडगा म्हणजे अंग चिवट ठेवायचे आणि कातडी कठीण करायची. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्ये अशा फाळाचे पेटंट घेतले. त्यात ओतीव लोखंडाची एक बाजू झटकन थंड करून कठीण केलेली होती. वरची मऊ बाजू आधी झिजे आणि खालची धार आपोआप तीक्ष्ण राही. फाळात कठीण कातडी त्याच लोखंडाची असते. टिपेवर मात्र वेगळ्याच पदार्थाचा थर चढवतात.

लेथ आणि कार्बाइड कधी आले?

यंत्रे बनवायची, तर यंत्रे बनवणारी यंत्रेही इथेच हवीत, या विचारातून किर्लोस्करांनी लेथ बनवायला घेतले. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी उभी राहिली. तिचे लेथ पुढे देशभरच्या वर्कशॉपमध्ये पोहोचले.

लक्ष्मणरावांच्या हयातीत लेथवरचे टोकही बदलत गेले. साधे कार्बन स्टील तापले की नरम पडे. १९०० च्या सुमारास अमेरिकेत फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी लालसर तापूनही कापत राहणारे हायस्पीड स्टील पुढे आणले. १९२३ मध्ये जर्मनीत कार्ल श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टमध्ये बांधण्याची पद्धत पेटंट केली. १९२६ पासून क्रुप कंपनीने हा पदार्थ 'विडिया' या नावाने विकायला सुरुवात केली. हिऱ्यासारखे, या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून हे नाव तयार झाले. त्यातही अंग आणि कठीणपणा यांची तीच वाटणी आहे. कार्बाइड कठीणपणा देते, कोबाल्ट चिवटपणा.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. थर चढवलेली कार्बाइडची टिप जगाच्या बाजारात आली, तीही याच सुमारास.

थर नेमके काय करतो?

पोलाद कापताना टोकाजवळचे तापमान ८०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. अशा उष्णतेत टिपेतील कार्बन चिपेत विरघळू लागतो आणि टिपेवर खळगा पडतो. शिवाय घासून धार बोथट होते. यावर थरांची रचना अशी असते :

- टायटेनियम कार्बोनायट्राइड घासण्याला तोंड देते.
- त्यावरचे अॅल्युमिनियम ऑक्साइड उष्णता अडवते आणि पोलादाशी रासायनिक क्रिया होऊ देत नाही.
- सर्वात वरचे सोनेरी टायटेनियम नायट्राइड घर्षण कमी करते. धार कुठे झिजली, हेही त्यामुळे डोळ्यांना दिसते.

सुमारे १००० अंशांवर वायूंच्या क्रियेतून चढवलेला थर साधारण ५ ते २० मायक्रॉन जाड असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा. जाड थर पोलाद आणि कास्ट आयर्नच्या सलग कामाला चांगला. निर्वात पात्रात सुमारे ५०० अंशांवर चढवलेला थर २ ते ५ मायक्रॉनचा असतो. त्यात धार अधिक तीक्ष्ण राखता येते, म्हणून स्टेनलेस स्टीलला तो सोयीचा.

वर्कशॉपवाल्याने काय पाहावे?

टेलर यांनी वेग आणि टोकाचे आयुष्य यांचे गणित मांडले. कार्बाइडच्या नेहमीच्या आकड्यांनुसार वेग २० टक्के वाढवला, तर धारेचे आयुष्य जवळपास निम्मे होते. थरामुळे हीच मर्यादा वर सरकते. त्याच वेळेत जास्त काम निघते किंवा तीच धार जास्त जॉब पूर्ण करते. मात्र प्रत्येक कामाला एकच टिप चालत नाही. डबीवर निळी खूण पोलादासाठी, पिवळी स्टेनलेससाठी आणि लाल कास्ट आयर्नसाठी असते. चावीची खाच असलेला शाफ्ट कापताना टोकाला सतत ठोके बसतात. तिथे अति कठीण टिप उडते आणि चिवट ग्रेडच लागतो. ढिली पकड किंवा थरथरणारा लेथ असेल, तर महागातला थरही वाचवू शकत नाही.

लक्ष्मणरावांच्या गिऱ्हाइकाने नांगराची परीक्षा आपल्या शेतात घेतली होती. टिपेची परीक्षाही तशीच घ्यावी लागते. किंमत पाहून भागत नाही. एका धारेत किती शाफ्ट पूर्ण झाले, हे वहीत लिहून ठेवले, की कोणती टिप स्वस्त आणि कोणती महाग, ते आपल्याच आकड्यांतून कळते.