गणितज्ञ वात्सवाव शेर्पिन्स्की

वात्सवाव शेर्पिन्स्की यांचा जन्म १४ मार्च १८८२ रोजी वॉर्सा येथे झाला. त्या काळी हे पोलिश शहर रशियन साम्राज्याच्या अमलाखाली होते आणि विद्यापीठातील अध्यापन रशियन भाषेत चाले. १९०३ साली त्यांच्या संख्यासिद्धांतावरील निबंधास सुवर्णपदक मिळाले; परंतु आपले पहिले लेखन परक्या भाषेत छापण्यास त्यांनी नकार दिला. काही वर्षांनी तो निबंध पोलिश भाषेतच प्रसिद्ध झाला. दरम्यान ते शाळेत शिकवू लागले होते. १९०५ च्या संपात ती शाळा बंद पडली, तेव्हा त्यांनी क्राकूव गाठून डॉक्टरेट मिळवली.

१९१४ साली महायुद्ध पेटले, तेव्हा ते रशियात होते. शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून त्यांना व्याटका येथे स्थानबद्ध करण्यात आले. येगोरोव आणि लुझिन या रशियन गणितज्ञांनी खटपट करून त्यांना मॉस्कोस आणवले. १९१५ साली त्यांनी मांडलेली आकृती आज शेर्पिन्स्की त्रिकोण म्हणून ओळखली जाते.

ती कोणालाही आखता येते. एक समभुज त्रिकोण घ्यावा, बाजूंचे मध्यबिंदू जोडावेत आणि मधला त्रिकोण वगळावा. तीन त्रिकोण उरतात. प्रत्येकावर हीच कृती केली की नऊ, मग सत्तावीस, मग एक्क्याऐंशी. हे सारे तीनचे घात होत. कृती किती वेळा झाली, हे घातांक सांगतो. कृती एकदाही केली नाही तर मूळचा एकच त्रिकोण असतो. तीनचा शून्यावा घात एक का, हे येथे डोळ्यांना दिसते. दर वेळी बाजू निम्मी होते आणि क्षेत्रफळाचा तीन चतुर्थांश भाग उरतो. दहाव्या पायरीवर त्रिकोण ५९,०४९ होतात. त्यांचे एकूण क्षेत्रफळ मात्र मूळ क्षेत्रफळाच्या सहा टक्क्यांहूनही कमी असते. कृती अखंड चालू ठेवल्यास ते शून्याकडे जाते, तरीही आकृती नाहीशी होत नाही. अशा आकृत्यांना पुढे फ्रॅक्टल हे नाव मिळाले.

१९१८ साली पोलंड स्वतंत्र झाला. शेर्पिन्स्की वॉर्सात प्राध्यापक झाले आणि १९२० पासून सहकाऱ्यांसह फुंडामेंटा मॅथेमॅटिके हे नियतकालिक चालवू लागले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी विद्यापीठ बंद केले. तेव्हा ते कागदोपत्री नगरपालिकेचे कारकून होते. प्रत्यक्षात भूमिगत विद्यापीठात गणित शिकवीत होते. पकडले गेल्यास प्राणाशी गाठ होती. १९४४ साली जर्मन सैन्याने त्यांचे घर ग्रंथसंग्रहासह जाळले.

युद्ध संपताच ते पुन्हा वर्गात उभे राहिले. सातशेहून अधिक शोधनिबंध आणि सुमारे पन्नास ग्रंथ मागे ठेवून २१ ऑक्टोबर १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. ग्रंथालय जळाले, विद्यापीठाला टाळे लागले, तरी त्यांनी शिकवणे थांबवले नाही. त्यांचा त्रिकोण आखण्यास आजही पेन्सिल आणि पट्टी एवढेच पुरते.