सत्यनिष्ठ पाव्हलॉव्ह

इव्हान पाव्हलॉव्ह यांचा जन्म १८४९ साली रशियातील रियाझान या गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. त्यांचे आरंभीचे शिक्षण धर्मशिक्षणाच्या विद्यालयात झाले. परंतु विज्ञानाच्या ग्रंथांनी त्यांचे मन वेधून घेतले. १८७० साली ते सेंट पीटर्सबर्गच्या विश्वविद्यालयात दाखल झाले आणि शरीराच्या व्यापारांचा अभ्यास करू लागले.

जठरातील रस तीव्र आम्लधर्मी असतो. तो अगदी कमी झाला, तर अन्नाचे पचन बिघडते. मग हा रस जेवणाच्या वेळी पाझरावा, अशी आज्ञा जठराला कोण देतो? पाव्हलॉव्ह यांनी शस्त्रक्रिया करून काही कुत्र्यांची अन्ननलिका मानेपाशी उघडली. गिळलेला घास तेथूनच बाहेर पडे. तो जठरात पोहोचतच नसे. तरीही काही मिनिटांत जठरात रस पाझरू लागे! जठराकडे जाणारे विशिष्ट मज्जातंतू तोडल्यावर मात्र तो पाझरत नसे. ही आज्ञा मज्जातंतू नेतात, हे यावरून सिद्ध झाले. असा मिळविलेला जठररस पुढे अपचनाच्या रोग्यांना औषध म्हणूनही देण्यात येऊ लागला.

जठरातील आम्ल लहान आतड्यात उतरले, की स्वादुपिंडाचा रस तेथे येऊन आम्लाचा जोर मोडतो. हे कार्यही मज्जातंतूंचेच, असे पाव्हलॉव्ह मानीत. परंतु १९०२ साली लंडनमध्ये बेलिस व स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडून त्यात आम्ल सोडले. तरीही स्वादुपिंडाचा रस पाझरला! आतड्यात निर्माण होणारे एक द्रव्य रक्तावाटे स्वादुपिंडाला निरोप पोहोचवीत होते. त्यांनी त्याला सिक्रेटिन हे नाव दिले. अशा द्रव्यांना आपण संप्रेरके म्हणतो.

पाव्हलॉव्ह यांच्या अनेक वर्षांच्या सिद्धान्ताला हा मोठाच धक्का होता. त्यांनी आपल्या साहाय्यकाकडून तोच प्रयोग स्वतःसमोर करविला. रस पाझरताना पाहून ते मुकाट्याने आपल्या खोलीत निघून गेले. काही वेळाने ते परत आले आणि लंडनच्या शास्त्रज्ञांचे म्हणणे खरे असल्याचे त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले.

त्यामुळे त्यांच्या कीर्तीला उणेपणा आला नाही. पचनविषयक संशोधनासाठी १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मज्जातंतू आणि संप्रेरके ही दोन्ही मिळून पचनाचे नियमन करतात, हे आता सर्वमान्य झाले आहे. १९३६ साली पाव्हलॉव्ह यांचे निधन झाले. आपल्या मतापेक्षा सत्य मोठे मानणारा हा थोर संशोधक अखेरपर्यंत ज्ञानाच्या शोधात रमला होता.