गणेश वासुदेव जोशी

गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका (जन्म : १८२८, सातारा, मृत्यू : २५ जुलै १८८०) हे पुण्यातील वकील, पुणे सार्वजनिक सभेचे संस्थापक आणि स्वदेशी चळवळीचे आद्य प्रवर्तक होते. १८७९ मध्ये सशस्त्र बंडाच्या आरोपाखाली अटक झालेल्या वासुदेव बळवंत फडके यांचे वकीलपत्र त्यांनी घेतले. फडक्यांशी संबंध असल्याचा नुसता संशयही त्या काळी धोक्याचा होता. त्यामुळे वकिलाचे आपल्या अशिलाप्रती असलेले कर्तव्य या विषयाच्या महाराष्ट्रातील इतिहासात या घटनेला महत्त्वाचे स्थान आहे.

पूर्वायुष्य आणि वकिली

जोशी यांचा जन्म साताऱ्याचा. तरुणपणी ते पुण्यास आले. प्रारंभी सरकारी नोकरी केल्यानंतर ते वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुण्यात व्यवसाय करू लागले.

त्या काळी मुंबई इलाख्याच्या मुफसल भागातील वकील १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनच्या चौकटीत काम करीत. वकिली करण्यासाठी सनद लागत असे आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास ती तहकूब किंवा रद्द करता येत असे. वकिलांची स्वतःची वैधानिक परिषद तेव्हा नव्हती. शिस्तीचा अधिकार न्यायालयाकडेच होता. ज्या न्यायाधीशापुढे युक्तिवाद करायचा, त्याच व्यवस्थेच्या मर्जीवर वकिलाची उपजीविका अवलंबून असे. सरकारच्या रोषास पात्र झालेल्या आरोपीची बाजू घेताना वकील का कचरत, हे यावरून समजते.

सार्वजनिक सभा

पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी पुण्यात असंतोष होता. त्यातून लोकांची गाऱ्हाणी मांडणारी कायमची संस्था असावी, असा विचार पुढे आला आणि २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभेची स्थापना झाली. तिच्या उभारणीत जोशी यांचा पुढाकार होता. सभेच्या कामाला त्यांनी इतके वाहून घेतले की लोक त्यांना सार्वजनिक काका या नावानेच ओळखू लागले.

सभेच्या रचनेवर वकिली व्यवसायाची छाप दिसते. सभासद होऊ इच्छिणाऱ्याला किमान ५० प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र सादर करावे लागे. अशिलाच्या वकीलपत्राशिवाय वकिलाला कोर्टात बोलता येत नाही, त्याचप्रमाणे लोकांच्या लेखी अधिकाराशिवाय लोकांच्या वतीने बोलू नये, हे तत्त्व त्यामागे होते. सुरुवातीच्या ९५ सभासदांनी सुमारे ६,००० लोकांचे प्रतिनिधित्व केले. १८७१ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्यात आल्यावर सभेच्या कार्याला वैचारिक बळ मिळाले. जोशी संघटन, पत्रव्यवहार आणि लोकसंपर्क सांभाळीत. रानडे अभ्यास व मांडणी करीत.

कोर्टातील खर्च आणि विलंब टाळून आपसातील तंटे मिटावेत, यासाठी सभेच्या मंडळींनी पुण्यात लवाद कोर्ट सुरू केले. स्वतः वकील असूनही जोशी यांनी या उपक्रमास चालना दिली.

स्वदेशीचा पुरस्कार

१८७२ मध्ये जोशी यांनी स्वदेशी वस्तूच वापरण्याचे व्रत घेतले. ठिकठिकाणी देशी मालाची दुकाने निघावीत आणि रोजच्या वापराच्या वस्तू येथेच तयार व्हाव्यात, यासाठी ते झटले. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस भरलेल्या दरबारास ते सभेचे प्रतिनिधी म्हणून हातमागाच्या खादीचा पोशाख करून उपस्थित राहिले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई जोशी यांनी पुण्यात स्त्रीविचारवती सभा स्थापन केली.

शिरूर, भीमथडी आणि कोर्टांविषयीचा असंतोष

जोशी यांच्या सार्वजनिक जीवनाचा काळ हा पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शेतकऱ्यांच्या हलाखीचा काळ होता. शिरूर आणि भीमथडी (आजचे दौंड व बारामती तालुके) हे अवर्षणप्रवण प्रदेश. १८६५ नंतर कापसाचे भाव कोसळले, त्यानंतरच्या फेरपाहणीत शेतसारा वाढला आणि शेतकरी कर्जात रुतला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागे. परिणामी सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेत. दावा दाखल झाल्यावर अनेक शेतकरी कोर्टात हजरच होत नसत आणि सावकाराला एकतर्फी हुकूमनामा मिळे.

शिरूर तालुक्यातील करडे या गावी १८७४ च्या अखेरीस एका सावकाराने देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळवून त्याचे घर पाडले. गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगल उसळली आणि ती पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील इतर गावांत पसरली. जमावाचा रोख मुख्यतः खते, हुकूमनामे आणि हिशेबाच्या वह्या यांवर होता. हे कागद मिळवून जाळण्यात आले. साडेनऊशेच्या आसपास लोकांना अटक झाली. इतिहासात हे प्रकरण दख्खनचे दंगे या नावाने ओळखले जाते.

दंग्यांपूर्वीच सार्वजनिक सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला होता. दंग्यांनंतर सरकारने आयोग नेमला आणि त्याच्या शिफारशींच्या आधारे १८७९ चा १७ वा कायदा, म्हणजेच दख्खन शेतकरी साहाय्य कायदा, पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी झाला. या कायद्यान्वये कोर्टाला खतामागील संपूर्ण व्यवहार तपासता येऊ लागला. त्यात वकिलांविषयीही तरतूद होती. सलोखाकार आणि गाव-मुन्सफ यांच्यापुढे, तसेच लहान रकमांच्या दाव्यांत, वकिलांना उभे राहण्यास मनाई करण्यात आली. कोर्टाला आवश्यक वाटल्यास मात्र शेतकऱ्यासाठी वकील नेमता येत असे. वकिलामुळे गरीब पक्षकाराचे नुकसान होऊ शकते आणि वकिलाच्या अभावीही होऊ शकते, या दोन्ही अनुभवांची नोंद या तरतुदींत दिसते.

फडके खटला

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर पुण्याच्या लष्करी हिशेब कचेरीत नोकरीस असलेले वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी तरुणांना संघटित करून ब्रिटिश सत्तेविरुद्ध बंड पुकारले. त्यांचा पहिला मोठा दरोडा फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातील धामारी येथे पडला. त्यात सुमारे ४०० रुपये हाती आले. मे महिन्यात पुण्यातील बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या आणि सरकारचा संशय पुण्याच्या सुशिक्षित ब्राह्मण वर्गावर, त्यातही सार्वजनिक सभेवर, बळावला. रानड्यांची बदली धुळ्यास करण्यात आली. २० जुलै १८७९ रोजी मेजर डॅनियल यांच्या तुकडीने फडके यांना विजापूर भागातील देवर नावदगी येथे पकडले.

पुण्यातील सेशन्स न्यायालयात फडक्यांवर सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्याचा प्रयत्न आणि दरोडे या आरोपांखाली खटला चालला. त्यांची दैनंदिनी व आत्मवृत्त सरकारच्या हाती लागले होते आणि तोच पुराव्याचा मुख्य आधार होता. अशा परिस्थितीत त्यांची बाजू मांडण्यास वकील पुढे येत नव्हते. जोशी यांनी हे काम स्वीकारले.

जोशी हे सशस्त्र मार्गाचे पुरस्कर्ते नव्हते. अर्ज, निवेदने, लवाद आणि स्वदेशी हीच त्यांची साधने होती. शिवाय फडक्यांचे वकीलपत्र घेतल्याने सभेवरील संशय अधिक गडद होण्याचा धोका होता. तरीही अशिलाच्या मतांशी सहमत असणे आणि त्याच्या बचावाची जबाबदारी घेणे या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. नोव्हेंबर १८७९ मध्ये फडके यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अपील फेटाळले गेले. १८८० च्या आरंभी त्यांना एडनच्या तुरुंगात नेण्यात आले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा मृत्यू झाला.

व्यावसायिक शिस्तीच्या संदर्भात

फडके खटला चालू होता त्याच सुमारास, दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याला लागूनच, १८७९ चा १८ वा कायदा म्हणजे विधि व्यवसायी कायदा संमत झाला. त्यात वकील व मुखत्यार यांना तहकूब किंवा बडतर्फ करण्याची कारणे नमूद करण्यात आली. फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरणे, व्यवसायात कपटाचे किंवा घोर अनुचित वर्तन करणे ही त्यांपैकी प्रमुख होत. हा कायदा प्रथम इतर प्रांतांसाठी होता. मुंबई इलाख्यात जुनी व्यवस्था पुढेही चालू राहिली.

या तरतुदींचा भर वकिलाने काय करू नये यावर होता. न्यायालयाची दिशाभूल करणे, साक्षीदार फितवणे, अशिलाचे पैसे बळकावणे ही गैरवर्तनाची ठळक रूपे. भीतीपोटी किंवा लोकक्षोभामुळे आरोपीला वाऱ्यावर सोडणे हेही व्यवसायधर्माविरुद्ध आहे, हा विचार भारतातील नियमांत नंतर स्पष्टपणे आला. १९२६ च्या बार कौन्सिल कायद्यानंतर १९६१ चा अधिवक्ता कायदा झाला. त्याच्या ३५ व्या कलमानुसार गैरवर्तनाची तक्रार राज्य वकील परिषदेच्या शिस्तपालन समितीपुढे चालते आणि ताकीद, तहकुबी किंवा सनद रद्द करणे अशी शिक्षा देता येते. शिरूर व दौंड येथील न्यायालयांत काम करणारे वकील आज महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेच्या अखत्यारीत येतात.

भारतीय वकील परिषदेच्या नियमांनुसार, आरोपीच्या अपराधाविषयी वैयक्तिक मत काहीही असले तरी वकिलाने त्याचा बचाव स्वीकारावा, असे अपेक्षित आहे. विशिष्ट आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये, असे वकील संघटनांनी केलेले ठराव बेकायदा असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू राज्य या प्रकरणात दिला. जोशी यांनी १८७९ मध्ये स्वेच्छेने पाळलेला दंडक अशा रीतीने लेखी नियमांचा भाग बनला.

मृत्यू आणि वारसा

फडके खटल्यानंतर वर्षभराच्या आतच, २५ जुलै १८८० रोजी, जोशी यांचे निधन झाले. पुढे १८९५ मध्ये सार्वजनिक सभेची सूत्रे लोकमान्य टिळकांच्या गटाकडे गेली आणि रानडे, गोखले प्रभृतींनी १८९६ मध्ये डेक्कन सभा स्थापन केली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी देशभर पसरलेल्या स्वदेशी चळवळीचे पूर्वसूरी म्हणून जोशी यांचे नाव घेतले जाते. फडक्यांच्या चरित्रातही त्यांचे वकील या नात्याने जोशी यांचा उल्लेख येतो.