महिलारत्न मगनबाई : श्राविका-जागृतीच्या अग्रदूत

जैन धर्माच्या चतुर्विध संघात श्राविकेला मानाचे स्थान आहे. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपीचे व सुंदरीला अंकांचे ज्ञान दिले, अशी आपली परंपरा सांगते. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजातील बहुसंख्य स्त्रिया निरक्षर होत्या. बालविवाहामुळे कोवळ्या वयातील वैधव्य अनेकींच्या नशिबी येत असे. अशा काळात स्त्रियांसाठी ज्ञानाचे द्वार उघडणाऱ्या थोर श्राविका म्हणजे महिलारत्न मगनबाई.

दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या पोटी १८७९ साली मगनबाईंचा जन्म झाला. घराणे मूळचे सुरतेचे, जवाहिरांच्या व्यापारात मुंबईस नावारूपास आलेले. ऐन तारुण्यात त्यांच्यावर वैधव्याचा आघात झाला. पदरी लहान कन्या होती. घराच्या कोपऱ्यात आयुष्य कंठावे, हीच विधवेकडून समाजाची अपेक्षा असे. शेठजींनी मात्र कन्येच्या हाती ग्रंथ दिले. संस्कृत व धर्मशास्त्र यांच्या अध्ययनात तिचे शोकाकुल मन स्थिरावले.

स्वाध्यायाने आपणांस सावरले, तो आधार इतर भगिनींनाही मिळावा, या तळमळीतून त्यांनी श्राविकाश्रमाचे कार्य हाती घेतले. मुंबईच्या श्राविकाश्रमात विधवा व निराधार स्त्रियांना निवास, धर्मशिक्षण व व्यावहारिक शिक्षण मिळू लागले. केवळ अन्नवस्त्र देऊन हे कार्य थांबले नाही. येथे शिकलेल्या भगिनी अध्यापिका होऊन इतरांना शिकवू लागल्या. काल जी घरावर भार मानली जात होती, तीच आज पाठशाळेचा आधार झाली. या कार्यात सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्या कन्या कंकुबाई आणि ललिताबाई या समदुःखी भगिनींची त्यांना मोलाची साथ लाभली.

१९०९ साली भारतवर्षीय दिगंबर जैन महिला परिषदेची स्थापना झाली आणि समाजाच्या प्रश्नांवर स्त्रिया स्वतःच्या व्यासपीठावरून बोलू लागल्या. पुढे आरा येथील पंडिता चंदाबाईंनी 'जैन महिलादर्श' मासिकाच्या संपादनाद्वारे हा विचार घरोघरी नेला. १९१४ साली शेठजींचे निधन झाले, तरी मगनबाईंनी हाती घेतलेले व्रत सोडले नाही.

१९३० साली त्यांची जीवनयात्रा संपली. श्राविकाश्रमाची परंपरा मात्र पुढे चालू राहिली. सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहा यांनी ती अधिक विस्तारली. आज आपल्या कन्या उच्च विद्याविभूषित होत आहेत. त्यांच्या व्यावहारिक शिक्षणाला स्वाध्यायाची जोड देणे, हीच मगनबाईंना खरी आदरांजली ठरेल.

त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!