बिनतारणाचे दहा हजार

१९८८ साली मी हिंगोलीच्या शाखेत शेती आणि लघुउद्योगाच्या कर्जांच्या टेबलावर होतो. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका. स्वतःचा जिल्हा व्हायला १९९९ उजाडायचं होतं. ऐन उन्हाळ्यातल्या एका दुपारी एक पोरगा फडक्यात गुंडाळलेली जड वस्तू घेऊन आला आणि ती त्यानं सरळ माझ्या उघड्या लेजरवर ठेवली. तो व्हाइस होता.

फवारणी पंपाचे पितळी नोझल कुणाकडून तरी घेऊन तो त्यांचं कातकाम करून देई. इवलासा गोल जॉब नेहमीच्या सपाट जबड्यात सैल धरला तर फिरतो, आवळला तर चेपतो. म्हणून त्यानं व्हाइसला मऊ ॲल्युमिनियमचे जबडे बसवले होते. दोन जबड्यांमध्ये पातळ पट्टी धरायची, व्हाइस आवळायचा आणि नेमकी सांध्यावर नोझलच्या मापाची सहा भोकं पाडायची. पट्टी काढली की तेवढीच फट पकडीला उरते. आवळताना सरकता जबडा केसभर वर उचलतो, म्हणून पुढे जॉब ज्या जोरानं धरायचा, त्याच जोरानं आवळून मग भोकं पाडायची, हेही त्यानं मला समजावलं. सहा नोझल एका दमात! त्याला मिलिंग मशीनसाठी कर्ज हवं होतं.

मी विचारलं, तारण काय?

शेड भाड्याची, शेत वडिलांच्या नावावर आणि त्यावर सोसायटीचा बोजा. अर्ज परत गेला. नियमाला धरूनच गेला.

पुढे लक्ष्मणराव किर्लोस्करांचं चरित्र वाचनात आलं. आमच्या भागात किर्लोस्कर म्हणजे विहिरीवरचा पंप. त्या नावामागे माणूस आहे हे कर्जाची प्रकरणं भरताना कधी मनातही आलं नव्हतं.

लक्ष्मणराव जन्मले २० जून १८६९ रोजी, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. तिथं कळलं की काही रंग आपल्याला ओळखूच येत नाहीत. रंगपेटी बाजूला ठेवून त्यांनी यंत्रांची रेखाटनं धरली, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. १८८८ साली बेळगावात थोरले बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान सुरू झालं होतं. बढतीत डावललं गेल्यावर नोकरी सोडून तेही बेळगावात आले. कडबा कापायचं यंत्र केलं, १९०३ साली लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमिनीला विष बाधतं अशी शेतकऱ्यांची समजूत; पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली.

नांगर म्हणजे नुसतं ओतीव लोखंड नव्हे. फाळ झिजतो. नवा फाळ जुन्याच भोकांत बसला नाही, तर शेतकरी पुन्हा गावच्या सुताराकडे जाणार. आणि शंभर फाळांची भोकं एकाच जागी पडायची, तर प्रत्येक फाळ यंत्रावर एकाच तऱ्हेनं पकडला गेला पाहिजे. हे सगळं मला त्या पोराच्या व्हाइसमुळे समजलं, एरवी ते पान मी उलटून पुढे गेलो असतो.

मग बेळगावच्या नगरपालिकेनं जागा सोडायला लावली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. हे राजे स्वतः चित्रकार, हा एक योगायोगच! त्यांनी कुंडलजवळची बत्तीस एकर माळजमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी वसली.

सवयीनं मी ते प्रकरण माझ्या टेबलावर घेऊन पाहिलं. अर्जदार: नोकरी सोडलेला मास्तर. माल: दोन वर्षं गिऱ्हाईक न मिळालेला नांगर. जागा: निवडुंग आणि नाग. तारण: नाही. माझा शेरा काय पडला असता ते सांगायला नको.

वाडीत लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना पहाऱ्यावर नेमलं. तारण न मागण्याची ही त्यांची स्वतःची तऱ्हा असावी. पुढे पंप आले, १९४१ साली हरिहरला लेथ करणारा कारखाना निघाला, १९४६ साली पुण्यात तेलावरची इंजिनं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत शिकून आला होता, त्यानं पसारा वाढवला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ साली जन्मशताब्दीला टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.

तो पोरगा पुन्हा शाखेत आला नाही. माझी बदली झाली त्या वर्षी मी कळमनुरी रस्त्यावरची ती शेड पाहायला गेलो होतो. तिथं पिठाची गिरणी चालू होती, आणि गिरणीवाल्याला आधीच्या भाडेकरूचं नावही ठाऊक नव्हतं. व्हाइस उचलून नेताना त्याच्या तेलाचा डाग मात्र लेजरच्या पानावर उमटला होता. वर्षअखेरीला तपासनीसानं त्याबद्दल मला लेखी खुलासा मागितला. शाई सांडली, असं मी लिहून दिलं.