रंग न कळलेला इंजिनिअर

फायनल इयरला आम्हा चौघांचा प्रोजेक्ट होता सायकलचा आपोआप बदलणारा इलेक्ट्रॉनिक गिअर. पेडलच्या दांड्यावर लोहचुंबक, फ्रेमवर सेन्सर. पाय मिनिटाला ६० फेऱ्यांच्या खाली आले की छोटी मोटर चेन मागच्या मोठ्या चक्रावर ढकलणार, ९० च्या वर गेले की लहान चक्रावर. शिमानोने २००९ साली रेसच्या सायकलींसाठी इलेक्ट्रॉनिक गिअर आणला, पण त्यात बटण स्वारानेच दाबायचं. आम्हाला बटणही नको होतं!

पहिली ट्रायल अलिबाग-मुरूड रस्त्यावर. रेवदंड्याचा पूल ओलांडला, कोर्लई मागे पडलं आणि काशीदच्या अलीकडच्या चढावर चेन पडली. परत चढवली, परत पडली. शेवटी सायकल टेम्पोत घालून हॉस्टेलवर आणली. सर्किट उघडलं तर मोटरची जागा सांगणाऱ्या भागात १० किलोओहमऐवजी १ किलोओहमचा रेझिस्टर. लावला होता मीच. एकावर नारिंगी पट्टा, दुसऱ्यावर लाल. मला दोन्ही सारखेच दिसतात. तीन वर्षं ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. त्या रात्री सांगावी लागली. मित्र काही बोलले नाहीत, पण सोल्डरिंग गन माझ्यासमोरून उचलली गेली. वाटलं, आपण चुकीच्या लाइनला आलो.

दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या काकांनी लायब्ररीतून लक्ष्मणराव किर्लोस्करांचं चरित्र आणून माझ्यापुढे ठेवलं. म्हटलं, पंप बनवणाऱ्या माणसाचं मी काय करू? पण वाचत गेलो.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे लक्षात आलं, की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकला सुटली. पण रेघ तर दिसत होती! ते यंत्रांची ड्रॉइंग काढायला शिकले आणि व्हीजेटीआयमध्ये तोच विषय शिकवू लागले.

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली आणि तिच्या नादाला लागले. त्या काळी सायकल म्हणजे नवलाईची वस्तू. मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि बेळगावला भाऊ रामूअण्णांनी विकायच्या, असा धंदा दोघांनी १८८८ साली सुरू केला. किर्लोस्कर ब्रदर्सची सुरुवात ती. नुसती विकून भागेना, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवावं लागे. पुढे व्हीजेटीआयमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून दुसऱ्याला जागा दिली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

तिथे कडबा कापायचं यंत्र झालं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली! त्यातच बेळगावची जागा नगरपालिकेमुळे सोडावी लागली. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९५६ साली ते गेले. १९६९ साली, जन्मशताब्दीला, त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं.

पुस्तक मिटलं आणि सोल्डरिंग गन परत मागून घेतली. आता प्रत्येक रेझिस्टर आधी मल्टीमीटरवर मोजतो आणि आकडा लिहून चिकटवतो. यात वेळ जातो, पण चूक होत नाही. पुढच्या ट्रायलला काशीदचा चढ चेन न पडता पार झाला. गिअर अजून थोडा उशिरा पडतो, ते काम ज्युनिअर्सवर सोपवलंय.

तुमच्यापैकी कुणाला पट्टे ओळखू येत नसतील तर माझ्यासारखं लपवून ठेवू नका. मल्टीमीटर लॅबच्या डावीकडच्या कपाटात आहे. काकांकडे मागा, देतात.